समरकंद पाहायचं ते तिथल्या विद्यार्थ्यांसोबत: कुठे भेटायचं, काय ठरवायचं, कसं फिरायचं

उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास रेगिस्तान या जुन्या मदरशांच्या चौकासमोर बसलात की थोड्याच वेळात कॉलेजची दोघं-तिघं जवळ येतात. पहिला प्रश्न देशाचा. "हिंदिस्तान" म्हटलं की शाहरुखचं नाव निघतं, आणि एखाद्याला आपल्या आजीची आवड आठवली तर राज कपूर किंवा मिथुनचं. पर्यटनस्थळी अनोळखी माणूस गोड बोलायला लागला की आपला हात आधी पाकिटावर जातो. इथे बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. या मुलांना आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते आणि इंग्रजी बोलायला माणूस मिळत नसतो. त्यांना तुमच्याकडून बोलण्याचा सराव हवा, तुम्हाला त्यांच्याकडून शहर. हा सरळ व्यवहार आहे. तो आधी नीट बोलून घेतला तर दोन दिवसांत समरकंद आतून दिसतं. "बघू, जमेल तसं" म्हणून सोडून दिला तर तुम्ही एखाद्या मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात सेल्फी काढत बसता.

कधी जायचं

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर संपेपर्यंत, किंवा एप्रिल-मे. कारण फक्त हवेचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८-४० अंशांपर्यंत जातोच, शिवाय तेव्हा विद्यापीठांना सुट्टी असते आणि बाहेरगावची मुलं घरी गेलेली असतात. जानेवारी आणि जून परीक्षांचे. २१ मार्चच्या नवरोजच्या आसपास शहर सणात असतं, मुलं मोकळी असतात, पण घरच्यांमध्ये अडकलेलीही असतात. रमजानमध्ये गेलात तर दुपारच्या जेवणाला सोबत धरू नका, भेट संध्याकाळनंतर ठेवा.

निघण्याआधीची तयारी

भारतीय पासपोर्टवर उझबेकिस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. अर्ज निदान आठवडाभर आधी करा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. ताश्कंद ते समरकंद 'अफ्रोसियोब' ही वेगवान गाडी साधारण सव्वादोन तासांत पोचते. तिची तिकिटं हंगामात झपाट्याने संपतात, म्हणून व्हिसा हातात पडला की लगेच काढा. जागा नाही मिळाली तर 'शर्क' गाडी आहे, तिला तास-दीड तास जास्त लागतो. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्थानकं आहेत. तिकिटावर कोणतं आहे ते टॅक्सीत बसण्याआधी वाचा. या घोळात गाडी चुकवणारे कमी नाहीत.

फोनमध्ये दोन ॲप हवीतच: टेलिग्राम आणि यांडेक्स गो. आपल्याकडे जे काम व्हॉट्सॲप करतं ते तिथे टेलिग्राम करतं. वर्गाचे गट, शिक्षकांच्या सूचना, दुकानांचे पत्ते, सगळं त्यावर. टेलिग्राम भारतातूनच सुरू करून ठेवा, कारण पडताळणीचा संदेश भारतीय नंबरवर येतो. यांडेक्समध्ये टॅक्सीचं भाडं आधी दिसतं आणि रोख देता येतं. घड्याळ अर्धा तास मागे घ्या. फरक इतका किरकोळ की बरेच जण विसरतात आणि भेटीला अर्धा तास आधी जाऊन उभे राहतात.

रुपये तिथे बदलून मिळतील असं धरून जाऊ नका. डॉलर न्या आणि नोटा कोऱ्या करकरीत असू द्या, कारण घडी पडून फाटलेली किंवा शिक्का उमटलेली नोट परत केली जाते. एटीएमसाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं. तिथलं चलन सोम. हिशेबाची युक्ती सोपी: सोममधल्या आकड्याची शेवटची तीन शून्यं काढा आणि सातने गुणा. ५०,००० सोम म्हणजे साधारण ३५० रुपये. औषधांच्या पिशवीत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल नको. आपल्याकडे ती चिठ्ठीवर मिळतात, तिथे कस्टमवाले अडवतात. ड्रोनही घरीच ठेवा.

मुलं कुठे भेटतात

रेगिस्तान ही सोपी जागा, पण सर्वांत चांगली नाही. तिथली ओळख तासाभराची असते. त्याहून बरी जागा म्हणजे विद्यापीठाचा रुंद, झाडांच्या सावलीचा बुलेवार. जुनं शहर आणि १८६८ नंतर रशियनांनी वसवलेलं शहर यांच्या मधोमध तो आहे, आणि दुपारनंतर तिथल्या बाकांवर मुलंच मुलं असतात. समरकंदमध्ये परकीय भाषांची स्वतंत्र संस्था आहे आणि पर्यटन शिकवणारं 'सिल्क रोड' विद्यापीठही. भाषा शिकणारी आणि पर्यटन शिकणारी मुलं सोबतीला उत्तम: पहिली बोलतात, दुसरी वेळ पाळतात. तुमच्या गेस्टहाउसच्या मालकिणीला विचारायला विसरू नका. तिचा भाचा किंवा शेजारची मुलगी कुठल्या तरी 'स्पीकिंग क्लब'ला जात असतेच. अशा क्लबात तासभर बसलात, पोरांचे प्रश्न घेतलेत, की पुढच्या दोन दिवसांची सोय झाली म्हणून समजा.

समरकंदच्या वैद्यकीय विद्यापीठात भारतातून गेलेले बरेच विद्यार्थी आहेत, मराठी बोलणारंही कोणी भेटू शकतं. डाळ-तांदूळ कुठे मिळतो, कुठलं सिम चालतं, हे त्यांना विचारा. शहर मात्र स्थानिक मुलांसोबतच पाहा, कारण आपली मुलं हॉस्टेल, कॉलेज आणि भारतीय खानावळ या त्रिकोणाबाहेर फारशी पडत नाहीत.

भेटल्यावर उजवा हात छातीवर ठेवून "अस्सलोमु अलैकुम". पुरुषाने स्त्रीपुढे स्वतःहून हात करू नये, तिने केला तर मिळवावा. वयाने मोठ्या माणसाच्या नावापुढे 'अका' म्हणजे दादा, बाईच्या नावापुढे 'ओपा' म्हणजे ताई. आभाराला "रहमत".

आधी ठरवायच्या चार गोष्टी

पहिली, वेळ. "उद्या फिरू" याला तिथे काही अर्थ नाही. "उद्या सकाळी साडेसात, बीबी खानुम मशिदीच्या दरवाजाशी, दुपारी दोनपर्यंत" असं टेलिग्रामवर लिहून पाठवा. तास कधी आहेत ते विचारा आणि तास बुडवून येतो म्हणाला तर नको म्हणा. पत्ता विचारताना 'मोल्जाल' विचारायचा, म्हणजे जवळची खूण. रस्त्यांची नावं बदललेली आहेत, एकाच रस्त्याला सोव्हिएत काळातलं आणि आत्ताचं अशी दोन नावं चालतात, त्यामुळे तिथली माणसं खुणेनेच पत्ता सांगतात.

दुसरी, माणसं. एकाला बोलावलं की चौघं येतात. टॅक्सीत ड्रायव्हर धरून पाच बसतात, म्हणून "तू आणि अजून एक जण" असं मोकळेपणाने सांगा. मुलगी सोबत येणार असेल तर तिची मैत्रीण किंवा भाऊ बरोबर असणं साहजिक आहे. अंधार पडायच्या आत ती घरी जाईल हे धरूनच आखणी करा. फोटो कुठेही टाकण्याआधी तिला विचारा.

तिसरी, पैसे, आणि गाडी अडते ती इथेच. पाहुण्याला खर्च करू द्यायचा नाही ही तिथली रीत आहे, आणि विद्यार्थ्याचा खिसा आपल्याकडच्या विद्यार्थ्यासारखाच. बिल टेबलावर आल्यावर ओढाताण करण्यात अर्थ नाही, हरता तुम्हीच. हात धुवायला उठा आणि गल्ल्यावर पैसे भरून या. बिलात दहा-पंधरा टक्के सेवाशुल्क बहुधा लावलेलंच असतं. टॅक्सी तुमच्या फोनवरून बोलवा. रोख रक्कम हातावर ठेवू नका, मैत्रीची मजुरी होते. त्याऐवजी त्याने लिहिलेला निबंध तपासून द्या, अर्धा तास मुलाखतीचा सराव करून घ्या.

चौथी, तिकिटं. स्मारकांमध्ये परदेशी माणसाचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो. "माझ्यासाठीही स्थानिक तिकीट घे" असं मुलाला सांगू नका. दारावरचा माणूस तुम्हाला ओळखतो, आणि ऐकून घ्यावं लागतं त्या पोराला. गाइडचं काम करायला तिथे प्रमाणपत्र लागतं. म्हणून स्मारकाच्या आत त्याला मोठ्याने व्याख्यान द्यायला लावू नका. इतिहास तुम्ही वाचून जा, त्याला बाकीचं विचारा.

पहिला दिवस: पाव, भिंत आणि पुलाव

सकाळी साडेसातला सियोब बाजार. समरकंदची नान आपल्या नानसारखी मऊ आणि पातळ नसते. ती जाड, जड, कडेला फुगलेली आणि वरून चकाकणारी असते, मध्ये टोचणीचे ठसे. त्या ठशांच्या लाकडी हत्याराला 'चेकीच' म्हणतात. मधला भाग टोचून दाबला की तो फुगत नाही, कडा तेवढी फुगते. नान निवडायचं काम सोबतच्या मुलावर सोपवा. तो ती उलटी करून खालची बाजू पाहील, बोटाने टकटक करेल, आणि पुन्हा सुलटी ठेवेल. सुलटीच, कारण नान पालथी ठेवणं हा अन्नाचा अपमान. ती सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात.

बाजारात मराठी माणसाची खरी चैन आहे. समरकंदमध्ये उझबेकबरोबर ताजिक बोलली जाते, आणि ताजिक म्हणजे फारसीच. बाजार, दुकान, तराजू, मेवा, बदाम, पिस्ता, अंजीर हे शब्द उच्चाराच्या थोड्या फरकाने तसेच चालतात. जर्दाळू तिथे 'झर्दोलू', टरबूज 'तर्वुझ'. आकडे ऐका: यक, दू, से, चोर, पंज, शश, हफ्त, हश्त, नुह, दह. वीस 'बिस्त', शंभर 'सद', आणि हजाराला 'हजोर'. भाव बहुतेक हजारांतच असल्याने 'पंज हजोर' म्हणजे पाच हजार हे कानाला लगेच कळतं. दर विचारायचा तो "चंद पुल?" असा. दोन शब्द मात्र फसवतात. 'सब्जी' मागितलीत तर गाजर मिळेल. आणि 'किम्मत' म्हणजे महाग! किंमत विचारायला म्हणून तो शब्द उच्चारलात तर विक्रेत्याला वाटतं, हा आल्या आल्याच कुरकुर करतोय.

बाजाराला लागूनच बीबी खानुम मशीद. तैमूरने १३९८ मध्ये दिल्ली लुटली आणि पुढच्याच वर्षी हिचं काम काढलं. आपल्या इतिहासातली लूट कुठे गेली याचं एक उत्तर इथे उभं आहे. १८९७ च्या भूकंपात ती आणखी ढासळली, आज दिसते ती बरीचशी सोव्हिएत काळापासून पुन्हा उभारलेली. आत अर्धा तास पुरे.

तिथून रेगिस्तानकडे जाणारा पादचारी रस्ता इतका गुळगुळीत आणि झाडलोट केलेला आहे की इथे कोणी राहत नसावं असं वाटतं. राहतात, बाजूच्या भिंतीमागे. भिंतीत अधूनमधून दारं आहेत. पर्यटक ती खासगी समजून पुढे जातात. सोबतच्या मुलाला सांगा, "आत जाऊ." दार ढकललं की महल्ला सुरू होतो: मातीच्या भिंती, अंगणातली तुतीची झाडं, गॅसच्या पिवळ्या नळ्या, शाळेतून येणारी पोरं, एखादी छोटी मशीद. पूर्वेकडच्या गल्ल्यांत बुखारी ज्यूंची जुनी वस्ती होती, १८९१ चं गुंबाझ सिनेगॉग अजून आहे. हा तास दिवसातला सर्वांत मोलाचा, आणि एकट्याने गेल्यास तो मिळत नाही, कारण दारात बसलेल्या आजोबांशी दोन शब्द बोलायला कोणी तरी लागतं. कॅमेरा खाली ठेवा. चहाला बोलावलं तर पहिल्यांदा नको म्हणा, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बोलावलं तर खरंच बोलावलंय.

पुलाव साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये गाठा. पुलावाच्या नावाजलेल्या जागांवर सकाळी एकदाच कढई चढते आणि संपली की संपली. दोन वाजता गेलात तर तळाचा तेलकट भात मिळेल किंवा काहीच नाही. समरकंदचा पुलाव ढवळत नाहीत. खाली मांस, त्यावर पिवळ्या गाजराचे लांब काप, त्यावर तांदूळ, असा थरांनी वाफवतात आणि ताटात उलट्या क्रमाने वाढतात: भात, गाजर, वरून मांस. ताश्कंदच्या मुलासमोर याची स्तुती करू नका, वाद होतो. पुलावावर थंड पाणी पिऊ नये, गरम चहाच प्यावा, असं प्रत्येक जण बजावेल. पुलावातलं चरबीचं प्रमाण पाहता ते ऐकलेलं बरं.

शाकाहारी असाल तर "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. मांस बाजूला काढून दिलेला पुलाव हा तिथे शाकाहारीच समजला जातो. सूप हाडांच्या पाण्याचं असतं, आणि भोपळ्याच्या सोमशात, म्हणजे तिथल्या समोशातही 'दुम्बा' म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी घातलेली असू शकते. उझबेकमध्ये "गोश्तसिझ", ताजिकमध्ये "बेगोश्त", आणि त्यालाच जोडून "दुम्बा योक्मी?" म्हणजे दुम्बा नाही ना, हे सोबतच्या मुलाला आदल्या दिवशी समजावून ठेवा. नान, कातिक नावाचं दही, टोमॅटो-कांद्याचा अचिचुक, सुका मेवा, हलवा आणि फळं यांवर दोन दिवस आरामात निघतात.

दुपारी विश्रांती, मुलांनाही आणि तुम्हालाही. पाचनंतर रेगिस्तान. तीन मदरसे आहेत: डावीकडचा तैमूरचा नातू आणि खगोलशास्त्रज्ञ उलुगबेग याचा, १४२० मध्ये पुरा झालेला, समोरासमोर १६३६ चा शेरदोर, ज्याच्या कमानीवर वाघासारखे सिंह आणि पाठीवर सूर्याचे चेहरे आहेत, आणि मधला तिल्लाकोरी, १६६० चा. आत सोनेरी छताखाली मुलं फोटो काढायला लावतील, काढा.

दुसरा दिवस: थडगी, तारे, कागद

शाहीझिंदाला सकाळी आठच्या आत पोचा. गल्लीसारख्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना निळ्या फरशांच्या समाध्या. उशीर झाला की गटांची गर्दी त्या वाटेत मावत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. कोणी पठण सुरू केलं तर आजूबाजूचे बसतील, तुम्हीही बसा. चढताना सोबतचा मुलगा पायऱ्या मोजायला सांगेल. चढताना आणि उतरताना आकडा सारखा आला तर मन निर्मळ, अशी समजूत आहे. बोलत चढलात की हमखास चुकतो.

तिथून टॅक्सीने अफ्रोसियोबचं, म्हणजे प्राचीन समरकंदच्या अवशेषांचं संग्रहालय, सातव्या शतकातल्या सोग्दी (इथल्या इस्लामपूर्व लोकांच्या) भित्तिचित्रांसाठी, आणि पुढे उलुगबेगची वेधशाळा. वेधशाळेत उरलाय तो जमिनीखालचा कमानीचा तुकडा. साधारण ४० मीटर त्रिज्येच्या त्या यंत्राचा एवढाच भाग १९०८ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्यात्किन यांना सापडला. मुलांना हे शाळेत घोकून घेतलेलं असतं, त्यांना कंटाळा येतो. त्यांना सांगा की उलुगबेगाच्या ताऱ्यांच्या सारण्या राजा सवाई जयसिंगाने अभ्यासल्या होत्या आणि दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरमागे ती परंपरा आहे. इथून पुढे बोलणं बरोबरीचं होतं.

दुपार कोनिगिल गावासाठी. शहराबाहेर थोड्याच अंतरावर तुतीच्या सालीचा कागद अजून करतात: साल सोलून उकळायची, पाणचक्कीच्या मुसळांनी कुटायची, लगद्यातून जाळीवर ताव उचलायचा, दाबून वाळवायचा, मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. 'कोगोझ' हा त्यांचा शब्द आणि आपला 'कागद' एकाच घरचे. दौलताबादजवळचं कागजीपुरा ज्यांनी पाहिलंय त्यांचे डोळे तिथे जास्त वेळ रेंगाळतील. परतीची टॅक्सी गावातून मिळायला वेळ लागतो. येताना जी आली तिलाच तासभर थांबायचे पैसे ठरवून द्या, बोलणी मुलगा करेल.

घरचं आमंत्रण

दुसऱ्या दिवसापर्यंत ते येतंच. जाताना चहाची पूड, मसाल्याचा डबा किंवा मिठाई न्या. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्या मयताला. चपला दाराशी. जमिनीवर पसरलेल्या 'दस्तरखान'वर, म्हणजे जेवणाच्या कापडावर, पाय पडू देऊ नका, ओलांडूही नका. चहा आधी प्याल्यात ओतून तीनदा किटलीत परत ओततात, मग वाढतात, आणि प्याला अर्धाच भरतात. कंजूषपणा नव्हे तो. अर्धा प्याला म्हणजे पुन्हा पुन्हा वाढायची इच्छा. काठोकाठ भरून दिला तर पाहुण्याने ओळखावं. ताट रिकामं केलंत की पुन्हा भरतं, म्हणून पोट भरल्यावर चार घास ताटात राहू द्या. शेवटी वडीलधारे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतात, तेव्हा सगळे फिरवतात. ती उठण्याची खूण.

रात्री राहायचा आग्रह होईल. तीन दिवसांपेक्षा जास्त काळ देशात असणाऱ्या परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, घरी राहिल्यास ती यजमानाला ऑनलाइन करावी लागते. घर त्यांच्या मालकीचं असेल आणि नोंद करायची तयारी असेल तरच राहा. मुलगा भाड्याच्या खोलीत राहत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, भुर्दंड त्याच्यावरही येऊ शकतो. राजकारण आणि सरकार हे विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका.

निघायच्या सकाळी स्थानकावर पोचवायला मुलं येतील आणि हातात नान असेल, बहुधा दोन. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलीत तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. सुती कापडात गुंडाळा आणि बॅगेत सर्वांत वर ठेवा. चार-पाच दिवसांनी ती दगडासारखी होते. तेव्हा दोन्ही बाजूंना पाण्याचा हात फिरवायचा आणि तवा मंद आचेवर ठेवून झाकण घालायचं, सात-आठ मिनिटं.